मायनर लीगची शेवटची शर्यत आणि शंभर पानी वही

भाद्रपदात बेळगावात पहाटे साडेचारला जागी असणारी माणसे काही कमी नसतात. दूध घालणारे गवळी असतात, वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडणारी मुले असतात, आणि आरास अपुरी राहिली म्हणून रात्रभर मंडपात बसलेले मंडळांचे कार्यकर्तेही असतात. गेली काही वर्षे त्यांत माझी भर पडली आहे, कारण अमेरिकेच्या पूर्व भागात संध्याकाळी ७.०५ वाजता सुरू होणारा बेसबॉलचा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ४.३५ वाजता सुरू होतो. मेजर लीग या तिथल्या सर्वांत वरच्या स्पर्धेपेक्षा मला तिच्या हाताखालच्या मायनर लीगचे वेड अधिक आहे. त्या हंगामाच्या अखेरच्या तीन आठवड्यांत आपण धरलेला संघ प्लेऑफला पोचतो की नाही, याचा हिशेब कोणावर अवलंबून न राहता स्वतः कसा ठेवावा, एवढेच येथे सांगायचे आहे. त्यासाठी एक शंभर पानी वही, पेन्सिल, खोडरबर आणि इंटरनेट असलेला फोन पुरतो.

सर्वांत आधी आपला संघ कोणत्या पायरीवरचा आहे ते पाहावे. २०२१ पासून मेजर लीगच्या ३० संघांच्या हाताखाली प्रत्येकी चार असे १२० संघ आहेत आणि त्यांच्या पायऱ्या वरून खाली ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए आणि सिंगल-ए अशा लागतात. ट्रिपल-एचा हंगाम १५० सामन्यांचा, डबल-एचा १३८ सामन्यांचा आणि खालच्या दोन्ही पायऱ्यांचा १३२ सामन्यांचा असतो. खालच्या तिन्ही पायऱ्यांचा हंगाम साधारण सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आटोपतो, तर ट्रिपल-ए त्यापुढेही आठवडाभर चालते. संघांची नावे मोठी गमतीदार असतात. हार्टफर्डचा संघ ‘यार्ड गोट्स’ आहे, तर लॅन्सिंगचा संघ ‘लगनट्स’ म्हणजे चक्क चाकाचे नट आहे. नवख्याने संघ नावावरून निवडला तरी काही बिघडत नाही, मीही तसाच निवडला.

यानंतरची गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी, कारण सगळा घोळ तिथेच होतो. मायनर लीगचा हंगाम पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशा दोन तुकड्यांत मोजतात. जूनच्या उत्तरार्धात कधीतरी पूर्वार्ध संपतो, त्यात गटात पहिला आलेला संघ प्लेऑफमध्ये जाऊन बसतो, आणि दुसऱ्या दिवसापासून सर्वांची पाटी कोरी होऊन उत्तरार्ध सुरू होतो. पूर्वार्धात तळाशी राहिलेला संघही उत्तरार्धात पहिला आला तर प्लेऑफ खेळतो. पहिल्या वर्षी मी नेमका येथेच फसलो. ऑगस्टच्या अखेरीस मी संपूर्ण हंगामाचा तक्ता उघडला, आपला संघ बराच मागे दिसला, म्हणून वही मिटून कपाटावर टाकली आणि पहाटेची झोप पुन्हा सुरू केली. आठवड्याभराने खानापूरहून भाच्याचा फोन आला, “मामा, तुमचा संघ दुसऱ्या हाफमध्ये एक नंबरला आहे की!” तोवर पाहण्यासारखे सहा सामने हातचे गेले होते. म्हणून तक्ता उघडल्यावर तो उत्तरार्धाचाच आहे याची खात्री केल्याशिवाय पेन्सिल हातात घेऊ नये.

त्याचबरोबर पूर्वार्ध कोणी जिंकला होता हेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. उत्तरार्धात पुढे असलेला संघ तोच असेल, तर आपला संघ दुसरा राहूनही आत जाऊ शकतो, कारण एकच संघ दोन्ही वेळा जिंकल्यास गटातील दुसऱ्या एखाद्या संघाला ती जागा मिळते. ती जागा कोणत्या आकड्यावरून द्यायची, हे त्या त्या लीगच्या नियमावलीत दिलेले असते. तोही नियम त्याच पानावर उतरवून घ्यावा, कारण शेवटच्या रात्री तो शोधत बसायला सवड मिळत नाही.

आता तक्ता वाचण्याविषयी. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला येथे दोन गोष्टी विसराव्या लागतात. विजयाला दोन गुण वगैरे प्रकार नाही आणि रनरेटही नाही. सामना १५-० असा जिंकला काय किंवा १-० असा जिंकला काय, हिशेबात तो एकच विजय असतो. बरोबरीही नाही, कारण निकाल लागेपर्यंत डाव वाढवले जातात. तक्त्यात जिंकलेले सामने, हरलेले सामने, त्यांतून निघणारी विजयाची सरासरी (विजय भागिले खेळलेले सामने) आणि पहिल्या संघापेक्षा किती सामन्यांनी मागे हे अंतर, इतकेच असते. हे अंतर काढण्यासाठी दोन संघांच्या विजयांतील फरक आणि पराभवांतील फरक यांची बेरीज करून तिला दोनने भागायचे. दोघांचे खेळून झालेले सामने सारखे नसले की ‘दीड सामन्याने मागे’ असे अर्धे अंतरही निघू शकते.

लोक हे अंतर पाहतात, पण मी पराभवांचा रकाना आधी पाहतो, आणि माझ्या मते या दिवसांत तोच खरा रकाना असतो. न खेळलेला सामना अजून जिंकता येतो, पण हरलेला सामना पुसता येत नाही. तुमच्या संघाचे पराभव पुढच्या संघाइतकेच असतील आणि केवळ विजय कमी असतील, तर उरलेले सामने जिंकून भरपाई करणे तुमच्याच हातात आहे. पराभव दोनने अधिक असतील, तर तुम्ही कितीही जिंकलात तरी पुढच्या संघाने हरण्याची वाट पाहावी लागते.

वहीत डावीकडून तारीख, आपला निकाल, आपले विजय-पराभव, प्रतिस्पर्ध्याचा निकाल, त्याचे विजय-पराभव आणि मॅजिक नंबर (तो काय ते पुढे सांगतो) असे रकाने आखावेत आणि उरलेली रुंद जागा शेऱ्यासाठी सोडावी. तारीख अमेरिकेची लिहावी. मंगळवारचा सामना आपण बुधवारी पहाटे पाहतो, आणि आपली तारीख घातली की आठवड्यातून एकदा तरी एखादा निकाल दोनदा चढतो किंवा एखादा सुटतो. वेळेचे म्हणाल, तर मध्य भागातील ७.०५ चा सामना आपल्याकडे पहाटे ५.३५ ला आणि पश्चिम किनाऱ्यावरचा सकाळी ७.३५ ला सुरू होतो. नोकरदाराने शक्यतो पूर्वेकडचाच संघ धरावा, हा माझा अनुभवाचा सल्ला आहे. २०२२ पासून पिचरवर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यावर, घड्याळाचे कडक बंधन आल्याने सामने आटोपशीर झाले आहेत, त्यामुळे पहिला चहा ते आंघोळ एवढ्या अवधीत पूर्वेकडचा सामना पाहून होतो.

मॅजिक नंबर काढणे सोपे आहे. उत्तरार्धातील एकूण सामन्यांत एक मिळवायचा आणि त्यातून पहिल्या संघाचे विजय व दुसऱ्या संघाचे पराभव वजा करायचे. समजा, हाय-एचा उत्तरार्ध ६६ सामन्यांचा आहे. पहिला संघ ३६ जिंकून २६ हरला आहे आणि दुसरा ३५ जिंकून २८ हरला आहे. ६६ अधिक १ म्हणजे ६७, त्यातून ३६ आणि २८ वजा जाता ३ उरतात. याचा अर्थ पहिल्याचे विजय आणि दुसऱ्याचे पराभव मिळून तीन झाले की पहिल्याची जागा पक्की झाली. पहिला रोज जिंको वा दुसरा रोज हरो, आकडा एकेकाने उतरत जातो. आपला संघ दुसरा असेल तर हाच आकडा आपल्या आयुष्याचे उरलेले दिवस सांगतो.

ही मांडणी दोघांचे सर्व सामने पूर्ण होतील असे गृहीत धरते, आणि पाऊस ते गृहीतक मोडतो. सीमाभागातल्या माणसाला पावसाने धुऊन टाकलेला सामना काही नवा नाही. आपल्याकडे अंतिम सामना पुढच्या रविवारवर जातो, पण मायनर लीगमध्ये तसे नेहमीच होत नाही. तेथे एक संघ दुसऱ्याच्या गावी मंगळवारपासून रविवारपर्यंत सहा सामने खेळतो आणि सोमवारी सहसा सुट्टी असते. पावसाने गेलेला सामना त्याच मुक्कामात एका दिवशी दोन सामने घेऊन भरून काढतात आणि त्या दिवशी दोन्ही सामने नऊऐवजी सात डावांचे होतात. मुक्काम संपला आणि ते दोन संघ पुन्हा भेटणार नसतील, तर तो सामना कायमचा गेला. मग क्रम विजयाच्या सरासरीवरून लागतो.

वरचेच उदाहरण पुढे नेऊ. पहिल्या संघाचे चार सामने उरले आहेत, दुसऱ्याचे तीन. दुसरा तिन्ही जिंकला तर तो ३८-२८ वर थांबतो, म्हणजे सरासरी ०.५७६. अशा वेळी पहिल्याला चारपैकी तीन जिंकावे लागतात, कारण दोनच जिंकले तर तोही ३८-२८ वरच येतो. आता पहिल्याचा एक सामना पावसात वाहून गेला असे समजा. उरलेल्या तीनपैकी दोन जिंकून एक हरला, तर तो ३८-२७ वर थांबतो आणि सरासरी ०.५८५ होते, म्हणजे तीनऐवजी दोनच विजयांत त्याचे काम झाले. दुसऱ्या संघाने काहीही चूक केलेली नसताना एका सरीने पहिल्याच्या वाटेतला एक संभाव्य पराभव नाहीसा केला. म्हणून पाऊस पडला की सूत्र बाजूला ठेवून सरासरी हाताने काढावी, आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘पाऊस’ एवढे लिहिण्याऐवजी तो सामना पुन्हा होणार की नाही हेही लिहावे.

अखेरचा मुक्काम पहिल्या आणि दुसऱ्या संघात परस्परांशीच असेल, तर त्या सहा रात्री सोडू नयेत. एरवी एका निकालाने अंतर अर्ध्या सामन्याने हलते, पण समोरासमोरच्या लढतीत एकाचा विजय तोच दुसऱ्याचा पराभव असल्याने ते पूर्ण एकाने हलते, आणि पहिला संघ जिंकल्यास मॅजिक नंबर एका रात्रीत दोनने उतरतो. उत्तरार्ध दोन्ही संघांच्या सारख्या सरासरीवर संपल्यास बहुतेक वेळा परस्परांतील सामन्यांचा हिशेब आधी पाहतात, म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर या दोन संघांतील निकालांची वेगळी यादी असावी.

आकड्यांइतकेच महत्त्व माणसांच्या ये-जा करण्याला आहे, आणि हे कळायला मला दोन हंगाम लागले. मायनर लीगच्या खेळाडूंना पगार वरचा मेजर लीग संघ देतो, प्रशिक्षकही त्याचेच असतात, आणि त्याला खालच्या संघाच्या चषकापेक्षा आपल्या खेळाडूची वाढ महत्त्वाची वाटते. गावच्या जत्रेचे मैदान चार दिवसांवर आले असताना तालमीतला चांगला मल्ल कोल्हापूरला बोलावून न्यावा, तसा प्रकार येथे दर आठवड्याला चालतो. १ सप्टेंबरला मेजर लीग संघाची यादी २६ वरून २८ खेळाडूंची होते. ट्रिपल-एमधून दोघे वर गेले की त्यांच्या जागा डबल-एमधून भरतात आणि ती ओढ थेट सिंगल-एपर्यंत पोचते. उलट बाजूने, जुलैच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू वाटून घेण्याच्या वार्षिक फेरीत, निवडलेली महाविद्यालयीन मुले ऑगस्टमध्ये खालच्या संघांत दाखल होतात आणि एखादा मरगळलेला संघ त्यांच्यामुळे अचानक उभा राहतो. त्यामुळे मायनर लीगच्या संकेतस्थळावरील खेळाडूंची ये-जा दाखवणारे ‘ट्रान्झॅक्शन्स’ हे पान रोज उघडावे. शेऱ्याच्या रकान्यात मी वर गेलेल्यासाठी वर बाण आणि आलेल्यासाठी खाली बाण काढतो. एका मंगळवारी तीन वरचे बाण एका ओळीत आले, तेव्हा तक्त्यात पहिला असलेला माझा संघ पुढच्या रविवारपर्यंत खाली येणार हे मला कळून चुकले होते.

या पायऱ्यांवर आपल्या देशातली मुलेही चढून आलेली आहेत. २००८ मध्ये भारतात झालेल्या वेगवान चेंडूफेकीच्या स्पर्धेतून निवडलेले उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भालाफेक करणारे तरुण पिट्सबर्ग पायरेट्सशी करारबद्ध झाले आणि २००९ मध्ये सिंगल-एच्याही खालच्या, नवख्यांच्या गल्फ कोस्ट लीगमध्ये खेळले. रिंकू पुढे बेसबॉल सोडून व्यावसायिक कुस्तीत गेला, ही बातमी आमच्याकडच्या तालमीत बेसबॉलपेक्षा अधिक आवडीने ऐकली जाते.

पिचरांची पाळीही लिहावी. सहा सामन्यांच्या मुक्कामामुळे सुरुवातीचा पिचर साधारण आठवड्यातून एकदाच येतो. मंगळवारी कोणी टाकले हे लिहून ठेवले की पुढच्या मंगळवारी कोण येणार याचा अंदाज येतो, आणि आपला सर्वांत चांगला पिचर शेवटच्या रविवारी पडतो की नाही हे दहा दिवस आधी मोजता येते.

तो शेवटचा रविवार आपल्याला सोयीचा असतो. रविवारचे सामने पुष्कळदा दुपारी १.०५ वाजता होतात, म्हणजे आपल्याकडे रात्री १०.३५, तेव्हा गजराची गरज लागत नाही. फोनवर आपला सामना लावावा आणि प्रतिस्पर्ध्याची धावसंख्या घरातल्या दुसऱ्या कोणाला पाहायला सांगावी, कारण एकाच फोनवर दोन्हीकडे पाहणारा दोन्हीकडचे काहीतरी चुकवतो. आमच्याकडे हे काम सौभाग्यवती करतात, आणि प्रतिस्पर्धी हरतो आहे हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून न कळण्याची त्या पुरेपूर काळजी घेतात.

संघ आत गेलाच, तर मंगळवारी, म्हणजे आपल्या बुधवारी पहाटे, मालिका सुरू होते. बहुतेक लीगमध्ये पूर्वार्धाचा विजेता आणि उत्तरार्धाचा विजेता यांत तीनपैकी दोन विजयांची लढत होते, त्यातला पहिला सामना एकाच्या मैदानावर आणि उरलेले दुसऱ्याच्या मैदानावर असतात. त्यासाठी वहीचे नवे पान काढून तीन ओळी आखाव्यात. मॅजिक नंबरचा रकाना तेथे लागत नाही.