घरात किमोचा पेशंट असेल तर अँटिबायोटिक कसं सांभाळायचं

धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबला माझं मेडिकल आहे. बार्शीहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून किमो घेऊन आलेल्या पेशंटच्या घरचं कुणीतरी काउंटरवर येतं नि म्हणतं, "दादा, आईला कणकण आहे, मागच्या वेळची अँटिबायोटिकची पट्टी द्या." मी देत नाही. त्याऐवजी काय करायचं ते सांगतो.

आधी डिजिटल थर्मामीटर घ्या. जिभेखाली लावा, तोंड आलं असेल तर काखेत. आकडा 100.4 फॅरेनहाइट किंवा वर गेला की सकाळची वाट बघू नका. किमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी फार खाली जातात आणि तेव्हाचा ताप काही तासांत जिवावर बेततो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल देऊ नका, ताप झाकला जातो. कॅन्सर हॉस्पिटलला फोन लावा. ते लांब असेल तर जवळच्या दवाखान्यात जाऊन पहिलं वाक्य हेच बोला: "किमो चालू आहे." तिथं शिरेतून अँटिबायोटिक लागेल, ते लवकर लागू द्या. रात्रीच्या गाडीचं किमोच्या दिवशीच कुणाशी तरी बोलून ठेवा.

मग काउंटरवरची गोळी कामून नको? त्यासाठी आधी जंतू आणि कॅन्सरचं नातं बघू. ते आपल्या जिल्ह्याला नवं नाही. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतो. त्याच्या तपासणीचा मोठा अभ्यास धाराशिव जिल्ह्यातल्याच 1,31,746 बायांवर झाला. 2009 साली निष्कर्ष आला: एकदाच एचपीव्ही तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. आपल्या आया-मावश्यांनी जगाला दिलेलं हे ज्ञान आहे, त्याचा मला अभिमान वाटतो.

पुढचं संशोधन उपचाराबद्दल आहे. तोंडात राहणारा फ्युझोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू मोठ्या आतड्याच्या गाठीत सापडतो आणि तिथं किमोचा जोर कमी करतो, असं 2017 च्या प्रयोगांत दिसलं. त्याच वर्षी दिसलं की स्वादुपिंडाच्या गाठीतले काही जिवाणू जेमसिटाबिन हे किमोचं औषधच निकामी करतात. उंदरांना अँटिबायोटिक दिल्यावर ते पुन्हा लागू पडलं. हे ऐकून कुणी सिप्रोसारखं अँटिबायोटिक मागायला येऊ नये. कारण इम्युनोथेरपीत, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या उपचारात, उलटं दिसतं: सुरू करण्याच्या आसपास अँटिबायोटिक घेतलेल्या पेशंटना तिचा गुण कमी येतो, असं बऱ्याच अभ्यासांत आढळलं. जी गोळी एकीकडे मदत करेल ती दुसरीकडे नडेल. हा निर्णय माझ्या काउंटरवर होऊच नये.

फाईलच्या मागच्या पानावर प्रत्येक अँटिबायोटिकचं नाव, तारीख, किती दिवस, कुणी लिहून दिलं हे लिहा. दात काढताना दिलेलं, गावातल्या डॉक्टरनं दिलेलं, सगळं. सुट्या गोळ्या घेताना पट्टीचा नाव छापलेला तुकडाच मागून घ्या. कोरा चंदेरी तुकडा घरी गेला की पुढच्या डॉक्टरला "पांढरी लांबट गोळी" एवढंच सांगता येतं. रिकामी पट्टी फाईललाच स्टेपल करा. सेफिक्झिमसारखी अँटिबायोटिक शेड्यूल एच-1 या सरकारी यादीत आहेत, आम्हाला रजिस्टरमध्ये पेशंटचं नाव लिहावं लागतं. चिठ्ठी मागितली तर रागावू नका.

जुलाब लागले तरी मनानं गोळी नको. इरिनोटेकान या किमोच्या औषधात तर आतड्यातले जिवाणूच औषधाचा निष्क्रिय झालेला भाग परत जागा करतात, त्यानंही जुलाब लागतात. किती वेळा झालं ते मोजा आणि हॉस्पिटलला कळवा. प्रोबायोटिकची, म्हणजे चांगल्या जिवाणूंची पाकिटंही विचारूनच.

उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं तेव्हा पेशंटचं पाणी खळखळ उकळून, झाकून, वेगळ्या भांड्यात ठेवा. वरून हात बुडवून घेऊ नका, ओगराळं वापरा.

पुढच्या किमोला गेलात की डॉक्टरांना विचारायला कागदावर हे लिहून न्या: ताप आला तर कुठं जायचं, रात्रीचा नंबर कोणता, आणि गावात कुणी अँटिबायोटिक दिलं तर तुम्हाला आधी विचारायचं का?