मुरूडहून मुंबईला परतताना: जुन्या शिडाच्या बोटीवर आधी डिझेलची टाकी बघा

मुरूडला जाताना वारा पाठीशी असतो, त्यामुळे नवख्यांना वाटतं, जमलं. दुपारी जोर धरणारा तोच वायव्येचा वारा परतताना नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर येतो. लाटा आखूड, उभ्या होतात, बोट आपटत राहते, नुसत्या शिडांवर अंतर कापलं जात नाही. मग इंजिन लावतात, आणि घात इथेच होतो.

मुंबईच्या दमट हवेत अर्धवट भरलेल्या टाकीत आतून घाम धरतो. ते पाणी डिझेलखाली साचतं आणि दोघांच्या सीमेवर जंतूंचा काळा बुळबुळीत गाळ वाढतो. बोट बांधलेली असते तोवर तो तळाशी गप्प पडून असतो. लाटांनी ढवळला की थेट फिल्टरमध्ये. इंजिनाचा आवाज खाली जातो, आपोआप सावरतो, पुन्हा खाली जातो. ही पहिली खूण. थळचा किनारा आणि खांदेरी बेट यांमधल्या खडकांजवळ इंजिन बंद पडलं, तर वारा तुम्हाला किनाऱ्याकडेच ढकलणार.

जंतू मारायचं औषध ओतून टाकी साफ होत नाही. मेलेला गाळही फिल्टरमध्येच येतो, उलट एकदम येतो! झाकण उघडून हाताने पुसा. झाकणच नसेल तर नळी तळाला टेकवून, स्वच्छ डिझेल येईपर्यंत उपसा. नंतर टाकी कायम भरलेली ठेवा. फिल्टरचे निदान चार जादा एलिमेंट (आतला बदलायचा भाग) आणि सीलच्या रिंगा इंजिनाशेजारीच हव्यात, पानाही तिथेच दोरीने बांधलेला.

एलिमेंट बदलला की डिझेलच्या नळ्यांत शिरलेली हवा काढायची. इंजिनावरच्या फिल्टरचा ब्लीड स्क्रू सैल करा, लिफ्ट पंपाची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाची) दांडी खाली-वर करा, बुडबुडे थांबले की डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळा. दांडी पोकळ लागली तर बहुधा पंप बिघडलेला नसतो, त्याला हलवणारा इंजिनाचा कॅम उंचावर थांबलेला असतो. इंजिन एक फेरा फिरवा. मग इंजेक्शन पंपाचा स्क्रू. तरीही सुरू होत नसेल तर इंजेक्टरचे नट थोडे सैल करून स्टार्टर मारा, डिझेल उडालं की आवळा. पण स्टार्टर वारंवार मारताना समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवा, नाहीतर सायलेन्सर भरून पाणी सिलिंडरमध्ये उलटतं. इंजिन लागताच तो उघडा. हे सगळं बंदरात, डोळे मिटून जमेपर्यंत करा. हलत्या बोटीत डिझेलच्या वासाने उलटी येते; सगळ्यांनाच येते, त्याची लाज नको.

इंजिन चालू आहे म्हणून शीड उतरवणं हा शुद्ध आळस. रीफ घेतलेलं, म्हणजे आवळून लहान केलेलं मोठं शीड वरच असू द्या. खाली एकजण फिल्टरशी झटत असताना दुसऱ्याने बोट पश्चिमेला, खोल पाण्याकडे काढायची. नांगर मोकळा, सोडायला तयार.

बाकी थोडक्यात: प्रत्येक सीकॉकला (बोटीच्या पाण्याखालच्या व्हॉल्व्हला) लाकडी बूच बांधलेलं, पाण्याखालच्या होजना दोन-दोन क्लिप, डोलकाठीच्या तारांच्या पिना तपासलेल्या. जाळ्यांचे बोये दिवसाउजेडीच दिसतात. व्हीएचएफ रेडिओचा संकटाचा चॅनल १६ आणि तटरक्षक दलाचा मदतीचा फोन १५५४ सगळ्यांना पाठ हवा.

बोट चालवण्याचं प्रमाणपत्र जरूर घ्या. पण स्वतःचं इंजिन स्वतः खोलणाऱ्या तांडेलाच्या हाताखाली आठवडाभर राबलात, तर वर्गात मिळत नाही ते मिळेल. भिऊ नका, जुन्या जाड बांध्याच्या बोटी माणसांपेक्षा जास्त सोसतात.

निघायचं पहाटे, जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या मतलई वाऱ्यावर. दुपारच्या आत खांदेरी मागे टाकायची. कुलाब्याच्या टोकाशी असलेल्या प्रॉन्ग्स दीपगृहाशी भरती चालू असताना पोहोचा. उधाणाची ओहोटी समोरून वाहत असेल तर तिथे तासन्‌तास बोट जागची हलत नाही.