फ्री एजंट ऑफेन्सिव्ह लाइनमन कसा पारखावा

ऑफेन्सिव्ह लाइनमन म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकसमोर उभं राहून बचावपटूंना अडवणारा खेळाडू. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगची फ्री एजन्सी, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंना नव्या संघाशी करार करायची मुभा, मार्चच्या मध्याला उघडते. फिल्म त्याआधीच बघून झालेली हवी. टीव्हीवरची नको, मैदानातले बावीसही खेळाडू दिसणारी ‘ऑल-२२’ घ्या.

तो टॅकल (लाइनच्या टोकाला खेळणारा) असेल तर सुरुवात थर्ड अँड लाँगपासून (तिसरा प्रयत्न आणि बरंच अंतर बाकी) करा. पास येणार हे बचावालाही ठाऊक असतं, त्यामुळे पायांचा खरा कस तिथेच लागतो. त्याच्या मदतीला टाइट एंड किंवा रनिंग बॅक असा दुसरा खेळाडू किती वेळा ठेवला होता, तेही मोजा. नुसत्या सॅकच्या (क्वार्टरबॅकला चेंडू सोडण्याआधीच पाडण्याच्या) आकड्यावर विसंबू नका. चेंडू झटकन सोडणारा क्वार्टरबॅक लाइनमनची अब्रू झाकतो. बुल रश (बचावपटूची सरळ अंगावर येणारी धडक) आला की गुडघ्यांऐवजी कमरेत वाकणारा खेळाडू मागे रेटला जातो. पाय मागे पडले की हात पकडायला जातात आणि होल्डिंगचा (प्रतिस्पर्ध्याला नियमाबाहेर धरल्याचा) फ्लॅग पडतो.

हात ३३ इंचांहून आखूड असतील तर बरेच संघ त्याला टॅकलऐवजी त्याच्या आतल्या बाजूच्या गार्डच्या जागेवर बघतात. झोन ब्लॉकिंगमध्ये (आपल्या भागात येईल त्याला अडवणं) मुरलेला माणूस गॅप स्कीममध्ये (ठरलेल्या फटीसाठी ठरलेल्या माणसाला हटवणं) तसाच चालेल, हे गृहीत धरू नका. डावीकडून उजवीकडे हलवायचा तर स्टान्स (उभं राहायची ठेवण) आणि पावलं उलटी होतात. आधी कधी तिथे खेळलाय का, पाहा.

गुडघे, घोटे, पाठ यांची तपासणी आपल्याच डॉक्टरांकडून करून घ्या. शंका उरली, तर गॅरंटीची रक्कम कमी करून तो खेळायला उपलब्ध असेल त्या प्रत्येक सामन्यामागे रोस्टर बोनस द्या.