बिघडलेली वर्ड फाइल: आधी हात मागे घ्या

टायपिंग आणि मांडणीच्या कामाला लागून मला दोनच महिने झाले होते. एका संशोधक बाईंचा प्रबंध हातात होता, दीडशेच्या वर पानं, तळटीपांनी गच्च भरलेला. एका संध्याकाळी घाईघाईत पेनड्राइव्ह ‘इजेक्ट’ न करताच उपसला. सकाळी वर्ड म्हणालं, मजकुरात अडचण आहे, जमेल तेवढा परत मिळवू का? मी ‘येस’ दाबलं. निम्मा प्रबंध उघडला आणि माझा जीव भांड्यात पडला. लगेच सेव्ह करायला गेले. नाव विचारलं तर जुनंच नाव दिलं. ‘आधीची फाइल बदलू का?’ यालाही ‘येस’ म्हटलं.

तिथे घोटाळा झाला. उरलेला निम्मा मजकूर त्या मूळ फाइलीत कदाचित तसाच पडून असेल, हे मला पुढे कधीतरी कळलं. बाईंनी जुन्या छापील प्रतीवरून पानं दिली, मी ती फुकट टाइप करून दिली. रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

म्हणून नव्याने या कामात आलेल्यांना सांगते: फाइल उघडली नाही की आधी तिची कॉपी करा, मूळ फाइल बाजूला ठेवा, आणि सगळे प्रयोग कॉपीवर करा. फाइल पेनड्राइव्हवर असेल तर कॉपी संगणकावर घ्या, पेनड्राइव्हवर नवीन काही लिहू नका. पुसल्या गेलेल्या जुन्या आवृत्त्या तिथे अजून असू शकतात, आणि नवीन फाइल नेमकी त्यांच्याच जागेवर जाऊन बसू शकते.

मग साइज बघा. शून्य असेल तर त्या फाइलीत शोधण्यासारखं काहीच नाही. साइज बरी असेल तर कॉपी नोटपॅडमध्ये उघडा. भलभलती चिन्हं दिसतील, घाबरू नका, फक्त पहिली दोन अक्षरं पाहा. ‘पी’ आणि ‘के’ ही इंग्रजी अक्षरं असली तर आशा आहे. वर्ड 2007 पासून आलेली डॉकएक्स फाइल म्हणजे खरं तर झिप फाइल (अनेक फाइली दाबून एकत्र बांधलेलं गाठोडं), आणि झिपचा जनक फिल कॅट्झ याच्या नावाची ही आद्याक्षरं. जुनी डॉक फाइल किंवा पासवर्ड लावलेली डॉकएक्स असेल तर सुरुवात वेगळी असते, तो बिघाड नव्हे. पण साइज भरपूर आणि आत नुसतीच मोकळी जागा दिसली, तर बहुधा सगळे शून्य लिहिले गेलेत. मध्येच उपसलेल्या पेनड्राइव्हवर हे होतं. त्या फाइलीवर वेळ घालवू नका.

एक गंमत. मेलवरून आलेली फाइल कधी कधी बिघडलेलीच नसते, विंडोजने फक्त अडवून ठेवलेली असते. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे ‘अनब्लॉक’ दिसलं तर टिक करा. अशा फाइलीचे पैसे मी घेत नाही.

सोपे उपाय पटकन सांगते. वर्डमध्ये फाइल, ओपन, ब्राउझ. फाइल निवडा, ‘ओपन’ बटणाशेजारचा छोटा बाण दाबा, ‘ओपन अँड रिपेअर’. नाही जमलं तर तीच कॉपी लिबरऑफिस रायटर या वर्डसारख्याच मोफत प्रोग्राममध्ये उघडून बघा. तो फाइल आपल्या पद्धतीने वाचतो, त्यामुळे वर्ड जिथे अडतं तिथून तो कधी कधी सहज पुढे जातो. फाइल उघडते पण मध्येच वर्ड बंद पडतं, असं असेल तर शेवटची परिच्छेदखूण (¶) सोडून बाकी सगळा मजकूर नव्या कोऱ्या फाइलीत चिकटवा. त्या शेवटच्या खुणेत बरंच फॉरमॅटिंग दडलेलं असतं आणि दोषही पुष्कळदा तिथेच असतो.

यानेही भागलं नाही तर फाइलच्या पोटात शिरायचं. कॉपीच्या नावाचं एक्स्टेंशन (टिंबानंतरची अक्षरं) बदलून झिप करा आणि उघडा. आत ‘वर्ड’ नावाचा फोल्डर, त्यात डॉक्युमेंट.एक्सएमएल. मजकूर इथे, सुरू-बंद होणाऱ्या खुणांमध्ये (टॅगमध्ये) गुंडाळलेला. तळटीपा वेगळ्या फाइलीत, चित्रं ‘मीडिया’ फोल्डरमध्ये, स्टाइल्स आणखी वेगळ्या. हे वेगळेपणच कामाला येतं: स्टाइल्सची फाइल बिघडली तरी मजकूर धडधाकट असू शकतो. उलट, मजकूर मिळाला म्हणून तळटीपा मिळाल्याच असंही धरू नका.

गणिताच्या एका पुस्तकाची फाइल अशीच आली होती. चूक दाखवणाऱ्या संदेशात वर्ड जागाही सांगत होतं: ओळ 2, कॉलम अमुक. सगळा मजकूर त्या एकाच लांबलचक दुसऱ्या ओळीत असतो, म्हणून कॉलमचा आकडाच महत्त्वाचा. मी ती एक्सएमएल ब्राउझरमध्ये टाकली, त्यानेही तिथेच बोट ठेवलं. समीकरण असलेल्या परिच्छेदालाच एक टेक्स्ट बॉक्स अडकवलेला होता आणि खुणा बंद होण्याचा क्रम चुकला होता. आतला डबा उघडाच ठेवून बाहेरच्याचं झाकण लावल्यासारखं. नोटपॅड प्लस प्लसमध्ये दोन खुणांची अदलाबदल केली, यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीतच सेव्ह केलं (नाहीतर देवनागरीची वाट लागते), परत झिप केलं, एक्स्टेंशन डॉकएक्स.

तरी वर्ड म्हणे फाइल बिघडलेली आहे! तासभर डोकं खाजवलं. चूक माझीच होती. मी बाहेरचा फोल्डर झिप केला होता. फोल्डर उघडून आतल्या सगळ्या गोष्टी निवडायच्या आणि त्या झिप करायच्या. मग उघडली, सगळ्या समीकरणांसकट.

झिपच उघडत नसेल तर फाइल अर्धवट कॉपी झालेली असू शकते. झिपची अनुक्रमणिका फाइलच्या अगदी शेवटी असते, त्यामुळे शेपूट तुटलं की सगळंच गेल्यासारखं वाटतं. पण प्रत्येक आतल्या फाइलीच्या आधी तिची स्वतःची नोंदही असते. झिप दुरुस्त करणारी साधनं त्या नोंदी शोधत जातात. यातून तुटल्या जागेपर्यंतचा मजकूर मिळतो, बऱ्याचदा उघड्या-नागड्या स्वरूपात, फॉरमॅटिंगशिवाय.

हे सगळं करण्याआधी (मीच उलट्या क्रमाने सांगतेय) ग्राहकाला विचारून घ्या: ही फाइल कुणाला मेल केली होती का? पीडीएफ काढली होती का? ऑनलाइन ड्राइव्हवर जुनी आवृत्ती आहे का? संगणकावर एएसडी (वर्डने आपोआप जपलेल्या) किंवा टीएमपी (तात्पुरत्या) एक्स्टेंशनच्या फाइली शोधा. ~$ या चिन्हांनी सुरू होणारी इवलीशी लपलेली फाइल सापडली तर हुरळू नका, तिच्यात फक्त फाइल कुणी उघडलीय त्याचं नाव असतं.

ग्राहकाला ‘होऊन जाईल’ असं कधी म्हणत नाही. ‘बघते, मग सांगते’ एवढंच. परत देताना कुठली पानं तपासली, कुठल्या तळटीपा जुळत नाहीत, हे कागदावर लिहून देते. आणि माझ्या स्वतःच्या वर्डमध्ये ऑटोरिकव्हर (आपोआप जपून ठेवणं) 10 ऐवजी 2 मिनिटांवर आहे, शिवाय ‘ऑलवेज क्रिएट बॅकअप कॉपी’ला टिक. फोल्डरमध्ये त्या डब्ल्यूबीके फाइलींचा पसारा होतो. होऊ दे.