परदेशातून येणाऱ्या वयस्कर नातेवाइकांसाठी आरोग्य विमा: कधी, कोणता आणि कसा घ्यावा

आईवडील, सासूसासरे किंवा एखादी मावशी काही महिन्यांसाठी परदेशात आपल्याकडे राहायला येणार असे ठरले की व्हिसा आणि तिकिटांच्या मागे सगळे घर लागते, आणि विम्याचे काम निघण्याच्या आदल्या आठवड्यावर जाते. तोवर फार उशीर झालेला असतो, कारण कोणती पॉलिसी उपयोगी पडेल हे येणाऱ्या माणसाच्या औषधांवर, गेल्या काही महिन्यांतल्या तपासण्यांवर आणि जन्मतारखेवरही अवलंबून असते. प्रवासाची तारीख नक्की करण्याआधीच, साधारण तीन-चार महिने हाती ठेवून, हे काम सुरू करावे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. वयस्कर माणसाला परक्या देशात रुग्णालयात जावे लागले तर त्याचे कारण पुष्कळदा नवा आजार नसून जुनाच आजार असतो: रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, दमा, मूत्रपिंडाचे दुखणे. आणि पाहुण्यांसाठी विकल्या जाणाऱ्या बहुतेक साध्या पॉलिसी नेमके हेच वगळतात. त्यामुळे प्रीमियम किती, विम्याची रक्कम किती, हे प्रश्न नंतरचे. पॉलिसी हातात आली की प्रथम पूर्वीपासून असलेल्या आजारांविषयीचे कलम शोधावे, आणि ते पटले तरच पुढचे वाचावे.

सुरुवात व्हिसाच्या नियमांपासून करावी लागते. शेंगेन देशांच्या, म्हणजे युरोपातील ज्या देशांत एकाच व्हिसावर फिरता येते त्यांच्या, अल्पकालीन व्हिसासाठी युरोपीय संघाच्या २००९ च्या व्हिसा संहितेनुसार किमान ३०,००० युरोंचे संरक्षण लागते. ते संपूर्ण शेंगेन क्षेत्रात आणि मुक्कामाच्या सगळ्या दिवसांसाठी लागू असावे लागते, आणि तातडीचे उपचार, रुग्णालयाचा खर्च, मायदेशी परत नेण्याचा खर्च हे सर्व त्यात यावे लागते. कॅनडाचा सुपर व्हिसा आईवडील आणि आजीआजोबांसाठी असतो. त्यासाठी किमान १,००,००० कॅनेडियन डॉलरची आणि प्रवेशाच्या दिवसापासून किमान एक वर्ष चालणारी पॉलिसी दाखवावी लागते. ऑस्ट्रेलियाच्या काही व्हिसांवर ८५०१ क्रमांकाची अट असते, आणि ती असल्यास मुक्कामभर पुरेसा आरोग्य विमा ठेवणे बंधनकारक होते. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसासाठी विमा सक्तीचा नाही, पण तिथली ज्येष्ठांसाठीची मेडिकेअर योजना पाहुण्यांना मिळत नाही. १९८६ च्या कायद्यानुसार तिथल्या बहुतेक रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांना आलेल्या रुग्णाची तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते, मात्र त्या उपचाराचे बिल माफ होत नाही. इंग्लंडमध्ये आपत्कालीन विभागातील उपचार मोफत असले तरी पाहुण्याला दाखल करून घेतले की पुढच्या उपचारांचे पैसे सामान्यतः तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या ठरलेल्या दराच्या दीडपट आकारले जातात. काही देशांनी एकमेकांच्या नागरिकांना आवश्यक उपचार देण्याचे परस्पर करार केलेले आहेत. नातेवाइकाच्या देशाचा असा करार आहे का, हे पाहून घ्यावे. व्हिसासाठी लागणारी रक्कम ही केवळ प्रवेशाची अट असते, ती गंभीर आजाराला पुरेल असे कोणी म्हटलेले नसते.

यानंतर नातेवाइकाच्या आरोग्याची नोंद तयार करावी, आणि हे काम फोनवर दोन प्रश्न विचारून उरकू नये. वयस्कर माणसे बरेचदा ‘मला काही नाही, फक्त बीपीची एक गोळी आहे’ असे म्हणतात. त्यात लपवण्याचा हेतू नसतो. वर्षानुवर्षे चालू असलेली गोळी त्यांना आजार वाटेनाशी झालेली असते. म्हणून औषधांच्या पट्ट्यांची छायाचित्रे, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, गेल्या दोन-तीन वर्षांतले अहवाल आणि शस्त्रक्रियांचे कागद एकत्र करावेत. प्रत्येक औषध कधी सुरू झाले, त्याची मात्रा शेवटची कधी बदलली आणि कोणती तपासणी सांगितली गेली पण अजून झालेली नाही, या तीन गोष्टी लिहून काढाव्यात. पुढचा सगळा निर्णय या कागदावर उभा असतो.

आता त्या कलमाकडे वळू. जुन्या आजारांविषयी पॉलिसींमध्ये ढोबळमानाने तीन भूमिका दिसतात. पहिली सरळ नकाराची असते: आधीपासून असलेल्या कोणत्याही आजाराचा किंवा त्यातून उद्भवलेल्या त्रासाचा खर्च मिळणार नाही. दुसरी अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पाहुण्यांच्या पॉलिसींमध्ये विशेष आढळते. तिच्यात जुना आजार अचानक, कोणतीही पूर्वसूचना न देता उफाळला आणि ठरलेल्या वेळेत, बहुधा २४ तासांत, उपचार घेतले तरच खर्च मिळतो. हळूहळू बळावलेला त्रास त्यात बसत नाही. तीन दिवस छातीत थोडे थोडे दुखत होते आणि चौथ्या दिवशी रुग्णालयात नेले, तर कंपनी त्या तीन दिवसांवर बोट ठेवू शकते. शिवाय ही सवलत अनेक पॉलिसींत ७० किंवा ८० वर्षांनंतर बंद होते किंवा तिची रक्कम फार कमी होते. त्यामुळे माहितीपत्रकावर ‘जुन्या आजारांसह’ असे ठळक छापलेले असले तरी तेवढ्यावर विसंबू नये.

तिसरी भूमिका स्थिरतेची, आणि माझ्या मते वयस्कर माणसांसाठी तीच सर्वांत उपयोगी आहे. कॅनडातील पॉलिसींमध्ये ती नेहमी दिसते. पॉलिसी सुरू होण्यापूर्वी ९०, १२० किंवा १८० दिवस आजार स्थिर असेल तर त्याचा खर्च मिळतो. मात्र स्थिर म्हणजे बरे वाटणे नव्हे. त्या काळात नवे औषध सुरू झालेले नसावे, मात्रा बदललेली नसावी, नवी लक्षणे दिसलेली नसावीत, विशेषज्ञाकडे पाठवलेले नसावे आणि कोणत्याही तपासणीचा निकाल बाकी नसावा. अनेक पॉलिसींत मात्रा कमी केली तरी तो बदलच धरला जातो. गोळी अर्धी झाली म्हणून घरात आनंद होतो, पण विमा कंपनीच्या लेखी आजार अस्थिर झालेला असतो. काही पॉलिसी इन्सुलिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या औषधाच्या मात्रेतील नेहमीच्या फेरफारांना अपवाद करतात, आणि तो अपवाद शब्दांत लिहिलेला आहे का, हे पाहावे.

यातून व्यवहारातला एक महत्त्वाचा नियम निघतो. नातेवाइकाची सर्वांगीण तपासणी निघण्याच्या आठवड्यात न करता चार ते सहा महिने आधी करून घ्यावी. औषधात काही बदल करायचा असेल तर तो तेव्हाच होऊन जातो आणि स्थिरतेचे दिवस प्रवासाआधी भरतात. मात्र पॉलिसीसाठी आवश्यक तपासणी टाळणे किंवा डॉक्टरांनी सांगितलेला औषधातला बदल पुढे ढकलणे कदापि करू नये. अशा वेळी प्रवासाची तारीख पुढे न्यावी. नुकतीच हृदयशस्त्रक्रिया झालेली असेल, कर्करोगाचे उपचार चालू असतील किंवा डायलिसिस लागत असेल, तर योग्य संरक्षण मिळणे अतिशय कठीण असते. तिथे आपणच नातेवाइकांकडे जाणे हा पर्याय मोकळेपणाने बोलून पाहावा. त्यात कोणाला कमीपणा नाही.

पॉलिसींचे दोन मुख्य प्रकार आहेत. ठरावीक लाभाच्या पॉलिसीत प्रत्येक गोष्टीला वेगळी मर्यादा असते: रुग्णालयातील एका दिवसाला इतके, शस्त्रक्रियेला इतके, रुग्णवाहिकेला इतके. त्यापुढचे सगळे आपल्या खिशातून जाते. सर्वसमावेशक पॉलिसीत डिडक्टिबल म्हणजे आरंभीची ठरलेली रक्कम आपण भरायची, आणि त्यानंतर कंपनी ठरलेल्या टक्केवारीने किंवा संपूर्ण खर्च एकूण मर्यादेपर्यंत देते. पहिला प्रकार स्वस्त असतो आणि वयस्कर व्यक्तीच्या नावे तोच वारंवार विकला जातो. परंतु जिथे रुग्णालयाचा एक दिवस अतिशय महाग आहे अशा देशात तो घेण्याऐवजी, डिडक्टिबल जास्त ठेवून प्रीमियम कमी केलेली सर्वसमावेशक पॉलिसी घ्यावी, असे मला ठामपणे वाटते. छोटे बिल कुटुंब कसेही भागवते, मोठे बिल मात्र पेलत नाही. डिडक्टिबल एकदाच भरायचे की प्रत्येक आजाराला नव्याने, आणि कमाल रक्कम एका घटनेसाठी आहे की पूर्ण मुदतीसाठी, हेही तपासावे.

वयाच्या टप्प्यांवर लक्ष ठेवावे. ७० आणि ८० या वयांना बऱ्याच कंपन्या विम्याची कमाल रक्कम एकदम खाली आणतात. वय पॉलिसी घेण्याच्या दिवशी मोजतात की ती सुरू होण्याच्या दिवशी, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते, त्यामुळे वाढदिवस जवळ आला असेल तर हा प्रश्न विचारायलाच हवा. पतीपत्नी दोघे येत असतील तर प्रत्येकाच्या प्रकृतीला साजेशी स्वतंत्र पॉलिसी घेणे बहुधा सोयीचे पडते.

पॉलिसी मायदेशातील कंपनीची घ्यावी की यजमान देशातील, याचे एकच उत्तर नाही. यजमान देशातील कंपनीचे स्थानिक रुग्णालयांशी करार असण्याची आणि ती थेट बिल चुकवण्याची शक्यता अधिक असते. मायदेशातील कंपनी काही वेळा आधी वैद्यकीय तपासणी करून घेते आणि जुना आजार मान्य करून पॉलिसी देते, आणि असे लेखी मिळत असेल तर ते मोलाचे आहे. मात्र पॉलिसी कुठलीही असो, ती नातेवाईक निघण्यापूर्वी घेतलेली असावी. पोहोचल्यानंतर घेतलेल्या पॉलिसीत आजारपणासाठी काही दिवसांचा प्रतीक्षाकाळ असू शकतो, आणि लांबच्या प्रवासाने थकलेल्या माणसाला नेमके त्याच दिवसांत काही होऊ शकते. सुरुवातीची तारीख ठरवताना विमानाचा रात्रीचा प्रवास आणि कालविभागातला फरकही ध्यानात घ्यावा.

मुदत सुरुवातीलाच पूर्ण मुक्कामाइतकी घ्यावी. आधी एक महिन्याची घेऊ, मग वाढवू, हा विचार वयस्कर व्यक्तीच्या बाबतीत धोक्याचा आहे, कारण पहिल्या पॉलिसीच्या काळात झालेला आजार नव्या पॉलिसीच्या दृष्टीने जुना आजार ठरतो. नातेवाईक लवकर परतले आणि क्लेम केलेला नसेल तर उरलेल्या दिवसांचा प्रीमियम अनेक कंपन्या परत देतात. व्हिसा नाकारला गेल्यास परतावा मिळतो का, हेही आधीच विचारावे.

अर्ज भरताना येणाऱ्या व्यक्तीला फोनवर किंवा व्हिडिओवर सोबत घ्यावे आणि आधी केलेला कागद समोर ठेवावा. आरोग्याच्या प्रश्नावलीत अंदाजाने ‘नाही’ लिहू नये. क्लेम आला की कंपनी मायदेशातील डॉक्टरांकडून जुने कागद मागवते, आणि एक आजार सांगायचा राहिला तर त्या आजाराशी संबंध नसलेला क्लेमही अडू शकतो. एजंट ‘हे लिहायची गरज नाही’ म्हणाला तर तेच वाक्य ईमेलने मागावे. त्याच अर्जात यजमानाचे नाव अधिकृत संपर्क म्हणून नोंदवता येत असेल तर अवश्य नोंदवावे. नाहीतर ऐन वेळी कंपनी गोपनीयतेच्या कारणाने आपल्याशी बोलायला नकार देते, आणि अतिदक्षता विभागात असलेल्या रुग्णाने फोनवर यावे अशी अपेक्षा ठेवते.

नातेवाईक पोहोचले की दोन-तीन कामे लगेच उरकावीत. विमा कार्डाची प्रत त्यांच्या पाकिटात, घरात दर्शनी जागी आणि सर्वांच्या फोनमध्ये असावी. औषधे संपूर्ण मुक्कामाला पुरतील एवढी आणि हातातल्या सामानात आणलेली असावीत. त्यांच्यासोबत औषधांची मूळ रासायनिक नावे लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी असावी, कारण ब्रँडची नावे देशागणिक बदलतात. घराजवळचे, विमा कंपनीशी करार असलेले (नेटवर्कमधील) रुग्णालय आणि किरकोळ तातडीच्या त्रासासाठीचे क्लिनिक पाहून ठेवावे. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, मुरगळलेला पाय यांसाठी मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाची गरज सहसा नसते, आणि काही पॉलिसींत तिथे विनाकारण गेल्यास वेगळी रक्कम भरावी लागते.

छातीत दुखणे, श्वास लागणे, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे अशा वेळी मात्र पॉलिसीचा विचार मनातही न आणता रुग्णवाहिका बोलवावी. वयस्कर माणसे मुलांना खर्च होईल म्हणून दुखणे अंगावर काढतात. त्यांना पहिल्याच दिवशी बजावून सांगावे की लगेच सांगितले तरच विमा उपयोगी पडतो. वर आलेली २४ तासांची अट त्यांना समजावली तर हे त्यांना पटते.

रुग्णाला दाखल केल्यावर मदत क्रमांकावर शक्य तितक्या लवकर, आणि पॉलिसीत दिलेल्या वेळेच्या आत, कळवावे. शस्त्रक्रिया किंवा मोठ्या तपासण्यांना अनेकदा पूर्वपरवानगी लागते, आणि ती न घेतल्यास क्लेमची रक्कम कापली जाते. बोललेल्या माणसाचे नाव, वेळ आणि संदर्भ क्रमांक लिहून ठेवावा. रुग्णालयात सहीसाठी येणाऱ्या कागदांत बिलाची हमी घेणारा कागदही असू शकतो. तो वाचल्याशिवाय यजमानाने स्वतःच्या नावाने सही करू नये.

क्लेमसाठी प्रत्येक बाबीचा तपशील असलेले बिल, डिस्चार्जचा गोषवारा, चिठ्ठ्या, पैसे भरल्याच्या पावत्या आणि पासपोर्टवरील प्रवेशाच्या शिक्क्याची प्रत लागते, म्हणून बोर्डिंग पासही फेकू नये. क्लेम पाठवण्याची मुदत पॉलिसीत दिलेली असते. नातेवाईक परतण्यापूर्वी त्यांच्या सह्या अर्जांवर घेऊन ठेवाव्यात, कारण बिले पुष्कळदा ते गेल्यानंतर येत राहतात. क्लेम नाकारला गेला तर कोणत्या कलमाखाली, हे लेखी मागावे. कारण जुन्या आजाराचे असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून सध्याच्या त्रासाचा त्या आजाराशी संबंध आहे की नाही, याविषयी स्पष्ट पत्र घ्यावे आणि ते जोडून कंपनीकडे फेरविचाराचा अर्ज करावा. तिथेही नकार मिळाला तर ज्या देशात पॉलिसी विकली गेली तिथल्या विमा नियामकाकडे किंवा लोकपालाकडे, ठरलेल्या मुदतीत, तक्रार नेता येते.