कुलूपबंद घरातलं लेकरू: पोलिओ रविवारी क्लबाने करायचं काम

दिवाळी सरली की आमच्या बीड जिल्ह्यातली धारूर, वडवणीकडची गावं अर्धी रिकामी होतात. जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, कडेवरची लेकरंही बरोबर जातात. पल्स पोलिओचा रविवार हंगामात आला की घरोघरी फिरणाऱ्या टीमला दाराला कुलूप दिसतं. खडूने भिंतीवर ‘एक्स’, म्हणजे ‘इथलं लेकरू राहिलं’ अशी खूण लिहून टीम पुढे सरकते. ते लेकरू तेव्हा कुठल्यातरी कारखान्याच्या शिवारात, कोपीत म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत असतं.

जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी आमच्या रोटरी क्लबात पोलिओचं काम बघते. पहिल्या वर्षी आम्ही चौकात मंडप घातला, बॅनर लावलं, चहा ठेवला. दुपारपर्यंत आलेली लेकरं शेजारच्या अंगणवाडीतल्या बूथवर तशीही गेलीच असती. तेव्हापासून मंडप बंद. नव्या क्लबांना मी एवढंच सांगते, कुलूप लागलेल्या घरांपासून सुरुवात करा.

रविवार जाहीर झाला की आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. वैद्यकीय अधिकाऱ्यांना मायक्रोप्लॅन, म्हणजे कोणती टीम कुठे फिरणार याचा आराखडा, दाखवायला सांगा आणि गाडी कुठे कमी पडते ते विचारा. बहुतेक वेळा वीटभट्ट्या, मेंढपाळांची पालं आणि कोप्या याच जागा निघतात. क्लबाची गाडी आणि डिझेल तिथे द्या.

मग गावातल्या आशाताईंबरोबर बसा. कोण कधी गेलं, कोणाच्या टोळीत गेलं, हे त्यांना तोंडपाठ असतं. वहीत चार गोष्टी लिहा: लेकराचं नाव, वय, मुकादमाचा (टोळी नेणाऱ्याचा) नंबर, कारखाना. वही आशाताईंकडेच राहू द्या. मुकादमाला रात्री आठनंतर फोन करा, दिवसभर तो फडावर, म्हणजे तोड चालू असलेल्या उसात असतो. पोलिओचं भाषण देत बसू नका. ‘मुकादम, टोळी कुठं उतरली? उद्याचा फड कोणत्या गावाला?’ असं विचारलं की तो नीट सांगतो.

यापुढचं काम क्लबालाच जमतं. कारखाना ज्या तालुक्यात असेल तिथला रोटरी क्लब शोधा आणि फोन लावा. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, कुठेही असो. टोळीचा पत्ता आणि लेकरांची संख्या कळवा, तिथल्या आरोग्य केंद्राला सांगायला लावा. रविवारनंतर पुन्हा फोन करून किती लेकरांना डोस मिळाला ते विचारा. हा दुसरा फोन चुकवू नका, पहिला सगळेच करतात.

आपल्या शिवारातही बाहेरच्या टोळ्या उतरलेल्या असतात. तिथे सकाळी दहाला जाऊन उपयोग नाही. माणसं पहाटेच फडात गेलेली असतात, तान्ही लेकरं बांधावर झोळीत. एक तर फडावरच जा, नाहीतर नर्सताईंशी आधी बोलून संध्याकाळची फेरी ठरवा. एकदा कोपीसमोर एका आजीने मला अडवलं, ‘बाई, मागल्या खेपंला दिलं की. किती बार द्यायचं?’ मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, ‘मावशी, हर खेपंला द्यायचं. जास्तीच्या डोसानं काही होत नाही, राहिलेल्या डोसानं पाय जातो.’ तिने नातीचं तोंड स्वतः उघडून धरलं. दोन थेंब पडले, पोरीने तोंड वाकडं केलं, आणि डाव्या करंगळीच्या नखावर मार्करची खूण उमटली.

डोस प्रशिक्षण घेतलेल्यांनीच द्यायचा. पण कुपी बघायला तुम्हीही शिका. लेबलवर एक गोल असतो, त्याच्या आत चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला, तर लसीला ऊन बाधलं, ती कुपी वापरायची नाही. लसीचा डबा सावलीत ठेवा आणि झाकण सारखं उघडू नका.

‘भारतात पोलिओ संपला, मग कशाला?’ असं क्लबातलेच लोक विचारतात. आपल्याकडचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात सापडला, आणि 27 मार्च 2014 रोजी देश पोलिओमुक्त ठरला, हे खरं. पण पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात विषाणू अजून फिरतो आहे. लागण झालेल्या साधारण 200 जणांमागे एकालाच लुळेपणा येतो. बाकीचे धडधाकट दिसतात आणि विष्ठेतून विषाणू पसरवत राहतात. कोप्यांवर संडास नाही, पाण्याचा हंडा एकच. आता विषाणू आलाच तर कुठे पसरेल, ते तुम्हीच बघा.

पैशाचं थोडक्यात. रोटरीने 1985 साली पोलिओप्लस हे पोलिओ हटवण्याचं काम सुरू केलं, 1988 पासून ते जागतिक मोहिमेचा भाग आहे. पोलिओप्लसच्या निधीला दिलेल्या प्रत्येक रुपयामागे गेट्स फाउंडेशन ठरलेल्या मर्यादेपर्यंत दोन रुपये घालतं. म्हणून 24 ऑक्टोबरच्या जागतिक पोलिओ दिनाला जमा झालेली वर्गणी वेगळी ठेवा, पावती द्या, त्यातून बॅनर छापू नका. डिझेलचा खर्च आम्ही सभासद वेगळा काढतो.

आणि मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या परत आल्या की वही घेऊन आशाताईंबरोबर त्याच दारांवर पुन्हा जा. कुलूप निघालेलं असतं. ज्या नावापुढे डोसची नोंद नाही, त्या लेकराला त्याच आठवड्यात उपकेंद्रावर न्या.