फटीत अडकलेल्याला ओढू नका! (आणि बाकीच्या चुका)

पावसाळा सरला की सह्याद्रीत पुन्हा तेच सुरू होतं. कातळाच्या दोन भिंतींमधून आभाळाची पट्टी दिसली की नवशिक्यांचे पाय शिवशिवतात. पाठ एका भिंतीला, पाय दुसरीला, चल वर. अशा धुराड्यासारख्या फटीतून चढणं, म्हणजे 'चिमणी' चढणं, खालून सोपं दिसतं. वर फट चिंचोळी झाली की हा नवशिक्या श्वास सोडून आणखी आत घुसतो, मग श्वास घेतला की अडकतो. इथवरची चूक त्याची. पुढच्या चुका मदतीला धावलेल्या मित्रांच्या.

ओढणे

ही माझी खास नावडती. काही वर्षांपूर्वी आम्ही भंडारदऱ्याच्या बाजूला एका घळीत होतो. पलीकडून आरडाओरडा ऐकू आला म्हणून गेलो. एका पोराचा उजवा गुडघा भेगेत रुतलेला आणि वर तिघं जण दोर धरून 'हैया हो' करत होते. अर्धा तास! पोरगा पांढराफटक.

गुडघा वाकवून आत घातला की मांडीचा स्नायू ताठ होतो. घाबरलं की आणखी ताठ. वरून ओढलं की कातडं सोलतं, सूज चढते, म्हणजे तेवढ्याच फटीत गुडघा आणखी मोठा. आधी ओरडून सांगितलं, दोर सैल पडू देऊ नका, पण ओढूही नका. दुसऱ्या दोराला फास करून त्याच्या मोकळ्या पायाखाली पायरी दिली. वजन त्या पायावर गेल्यावर तो पहिल्यांदा नीट श्वास घ्यायला लागला.

मग ट्रॅकपँट कापली. गुडघ्यामागे कापडाची घडी अडकली होती, निम्मं दुखणं तिचंच. खिचडीसाठी आणलेलं गोडेतेल वरून सोडलं. (तेलकट हात दोराला लावू नका, आधी पुसा.) आणि थांबलो. दहा मिनिटं नुसत्या गप्पा. त्याला दहावीत गणितात किती पडले होते हेसुद्धा विचारून झालं. मांडी सैल पडल्यावर गुडघा जसा तिरका आत गेला होता, तसाच तिरका, बोट-बोट करत मागे आणला. चाळीस मिनिटं लागली. वरच्या तिघांपैकी एक तेवढ्यात दोनदा म्हणाला, 'सर, एकदा जोरात ओढून बघू या का?'

छाती अडकली असेल तर घाई आणखी महाग पडते. श्वास सोडला की माणूस थोडा खाली सरकतो, आणि पुढचा श्वास घ्यायला जागा उरत नाही. म्हणून पहिलं काम वर काढण्याचं नाहीच, खाली सरकणं थांबवण्याचं आहे. पायाखाली फास, सॅक, कुणाचा खांदा, जे मिळेल ते द्या. त्याने श्वास सोडला की तेवढ्यापुरतं वर घ्या, श्वास घेताना नुसतं धरून ठेवा.

पुली लावली म्हणजे झालं असं समजणे

हल्ली दोन व्हिडिओ बघून पोरं तीनास एकची पुली लावतात. घर्षण सोडलं तर तिघांच्या ओढण्याला नऊ जणांचं बळ येतं. ते बळ कातळाला कळत नाही, बरगड्यांना कळतं. आणि अँकरलाही, म्हणजे कातळात दोर जिथे अडकवतात त्या खुंटीला. अमेरिकेतल्या युटामध्ये 2009 साली एक तरुण गुहेतल्या चिंचोळ्या भोकात डोकं खाली अशा अवस्थेत अडकला. बचाव पथकाने पुल्या लावून त्याला थोडं वर आणलंही होतं, पण अँकर कातळातून निसटला आणि तो पुन्हा खाली गेला. सत्तावीस-अठ्ठावीस तासांनी त्याचा जीव गेला. डोकं खाली असेल तर घड्याळ फार वेगाने पळतं, हे आधी डोक्यात घ्या.

'आपणच काढू' म्हणत तीन तास घालवणे

फोन पहिल्या दहा मिनिटांत. आपत्कालीन क्रमांक 112 आहे, डोंगरातल्या बचावासाठी महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे. रेंज नसेल तर दोघांना वाडीवर पळवा. दोघांना, एकट्याला नाही. पोचायला वेळ लागतोच. केरळात पालक्काडजवळ 2022 च्या फेब्रुवारीत कड्यातल्या कपारीत अडकलेला तरुण चाळीसहून जास्त तास तिथे बसून होता. हेलिकॉप्टरला जमलं नाही. शेवटी लष्कराचे जवान वरून दोराने उतरले. त्याच्यापर्यंत पोचल्यावर आधी पाणी दिलं, मग पट्टा बांधला, मग वर. हा क्रम मला फार आवडतो.

बाकीच्या, थोडक्यात

नेमकं काय अडकलंय ते न बघणे. कितीदा तरी माणूस मोकळा असतो, अडकलेली असते सॅक नाहीतर हार्नेसला (कमरेच्या पट्ट्याला) लटकवलेले कॅराबिनर (दोर अडकवायच्या कड्या).

बरोबर वरच्या काठावर गर्दी करणे. तुमच्या बुटाखालचा घसारा (सुटी माती-खडी) त्याच्या डोक्यावर जातो.

हार्नेसमध्ये लटकत ठेवणे. पायाला टेकू द्या, पाय हलवायला लावा.

ऊन आहे म्हणून पांघरूण न देणे. सावलीतला कातळ अंगातली ऊब शोषून घेतो.

दोन-चार तास मोठ्या दगडाखाली चिरडलेला पाय डॉक्टरांना न विचारता मोकळा करणे. साचलेलं विष एकदम रक्तात उतरतं, हृदय बंद पडू शकतं.

पडलेल्या फोनसाठी फटीत डोकं घालणे. ऑस्ट्रेलियात 2024 साली एक तरुणी अशीच सात तास उलटी अडकली होती. ती सुटली, फोन मात्र आतच राहिला. आमचा गुडघेवाला पोरगा बाहेर आल्यावर पहिलं काय म्हणाला, तर 'कुणी फोटो काढला का?'